हमखास टाळ्यांचं गाणं

डिसेंबर लागला की आमच्या पिंपरीत गिटारी बाहेर पडतात. वर्षभर पलंगाखाली, कपाटावर, दाराच्या मागे उभ्या असलेल्या, काळ्या रेक्झिनच्या पिशवीतल्या. पिशवीची चेन उघडली की कोंदट स्पंजाचा, गंजलेल्या तारेचा आणि कुणाच्या तरी जुन्या घामाचा असा एकत्र वास येतो. मी गेली कित्येक वर्षं संत तुकाराम नगरात गिटारचा क्लास घेते. त्या वासाची सवय व्हायला हवी होती मला. झाली नाही. दर हिवाळ्यात पहिल्या पिशवीची चेन उघडली की मी आधी खिडकी उघडते.

पुढे काय येणार ते ठाऊक असतं ना. शाळांची गॅदरिंग, सोसायट्यांचे वार्षिक कार्यक्रम, लग्नाआधीचे संगीताचे कार्यक्रम आणि चाकणकडच्या कंपन्यांचे फॅमिली डे. सगळीकडे कुणीतरी एकजण स्टूलवर बसून गिटार वाजवणार असतो आणि त्या एकजणाला महिन्याभरात तयार करून द्यायचं असतं. येणाऱ्याचं वाक्यसुद्धा ठरलेलं. "मॅडम, सोपं हवं आणि पब्लिकला आवडेल असं."

अशी गाणी आहेत. दोस्तीचं एक आहे, आईचं एक आहे, सोडून गेलेल्या मुलीचं तर प्रत्येक हंगामात नवं निघतं. चाल वेगळी वाटते, पण खाली चारच कॉर्ड. कॉर्ड म्हणजे तीन-चार सूर एकदम उमटावेत म्हणून तारांवर बोटं ठेवायची एक बैठक. चार बैठका शिकायच्या आणि एकीवरून दुसरीवर गोल गोल फिरत राहायचं. दुसऱ्या कडव्यानंतर आवाज खाली आणायचा, थोडं थांबायचं, मग एकदम सगळं जोरात. तिथे लोक टाळ्या वाजवतात. वाजवतातच. मोबाइलचे दिवे लावून हात हलवतात. मी इतक्या वेळा पाहिलंय की त्या थांबण्याच्या जागेवर आता मला तोंडात आंबट पाणी येतं, बसमध्ये घाट लागल्यावर येतं तसं.

सोप्याशी माझं वाकडं नाही. आमच्या तळेगावच्या घरी आई दळण निवडताना काहीतरी गुणगुणायची, त्यात तीन सूर होते की चार, देव जाणे. ते ऐकताना मला कधी वीट आला नाही, कारण आई ते कुणाकडून काही काढून घ्यायला म्हणत नव्हती. ही गाणी काढून घ्यायला येतात. समोरच्याच्या डोळ्यातलं पाणी कुठे आहे ते त्यांना आधीच सांगितलेलं असतं.

यंदाही हवा गार झाली, समोरच्या मैदानात मंडपाचे बांबू पडले, "हॅलो चेक, हॅलो" सुरू झालं, आणि मला गेल्या वर्षीचा हिवाळा आठवला. आठवला म्हणजे काय, तो गेलाच नव्हता.

गेल्या वर्षी दिवाळी संपता संपता चाकणच्या एका कंपनीतून फोन आला होता. गाड्यांचे पत्र्याचे भाग बनवणारी कंपनी. फोन करणारा केतन, एचआरमधला तरुण मुलगा, बोलायला अतिशय गोड. "मॅडम, वर्कर्ससाठी हॉबी क्लब काढतोय. फॅमिली डेला त्यांनीच परफॉर्म करायचं. दोन-तीन सोपी गाणी बसवून द्या. लोकांना कनेक्ट झालं पाहिजे."

मी हो म्हटलं. आठवड्यातून दोनदा स्कूटरवरून मोशीमार्गे चाकणला जाऊ लागले. त्या रस्त्यावर हिवाळ्यात धूळ कमरेइतक्या उंचीवर तरंगत असते. पुढे नव्या गाड्या लादलेला लांबलचक ट्रेलर, मागे दुसरा, मध्ये आपण. नदीवरच्या पुलावर आलं की ओढणी नाकाला लावायची. कंपनीच्या कँटीनमध्ये पहिली शिफ्ट सुटल्यावर क्लास. टेबलं नुकतीच पुसलेली, फडक्याचा वास, सांबाराचा वास, आणि त्या माणसांच्या हातांना यंत्राच्या तेलाचा वास. साबणाने धुतले तरी न जाणारा.

नव्या माणसाला गिटारची पहिली अडचण बोटांची असते. तार टोकांना कापते, फोड येतात, आठवड्यात अर्धी मंडळी गळतात. या लोकांना काही झालं नाही. त्यांची बोटं आधीच निबर होती. मला त्याचं कौतुक वाटलं होतं, तेव्हा.

त्यांच्यात रमाकांत होता. चाळिशीला टेकलेला, धाराशिवकडच्या एका गावचा, प्रेस शॉपमध्ये कंत्राटी कामगार. प्रेस म्हणजे पत्र्याला एका दाबात आकार देणारं अजस्र यंत्र. बायको सुनंदा हिच्याबरोबर चिखलीत एका खोलीत राहायचा आणि गिटार त्याने स्वतःची आणली होती, कुणाची तरी वापरलेली. सगळ्यांत हळू शिकणारा तोच आणि सगळ्यांत आधी येऊन बसणाराही तोच.

पहिल्याच दिवशी त्याने ते दोस्तीचं गाणं मागितलं. मला ज्याचा सर्वांत जास्त तिटकारा, तेच.

"मॅडम, गावाकडं भाच्याचं लग्न हाय उन्हाळ्यात. तिथं वाजवायचंय. सगळे म्हणतेत, रमाकांत पुण्याला जाऊन नुसतं पत्रं दाबतो. त्यांना दाखवायचंय."

"दुसरं एखादं शिका की. ते सगळेच वाजवतात."

"सगळे वाजवितेत म्हणूनच पाहिजे. मीच एकटा राहिलोय."

मी त्याला पहिली बैठक दाखवली. पहिल्या बैठकीवरून दुसरीवर न थांबता जाणं त्याला बरेच दिवस जमलं नाही. बोटं उचलायची, हवेत गोंधळायची, चुकीच्या तारेवर पडायची. मग एका संध्याकाळी जमलं. तो वाजवायचं सोडून हसायलाच लागला. आजूबाजूचेही हसले. "जमायलंय की ओ," तो म्हणाला, स्वतःलाच. त्या गाण्याबद्दलची माझी किळस त्या संध्याकाळी जराशी मागे सरली, हे कबूल केलं पाहिजे. गाणं तेच होतं, पण वाजवणाऱ्याला त्याचा धंदा माहीत नव्हता.

पुढच्या वेळी गेले तर सगळे आधीच बसलेले आणि कुणीच वाजवत नव्हतं. गिटारी मांडीवर आडव्या.

"रमाकांत कुठे आहेत?"

एकाने मांडीवरची गिटार टेबलावर ठेवली. मग पेंट शॉपमधला एक म्हातारा कामगार म्हणाला, "मॅडम, त्याची बोटं गेली. प्रेसखाली. डावा हात."

डाव्या हाताची बोटं म्हणजे तारांवरची बोटं. आधी माझ्या मनात हेच आलं आणि माझीच मला लाज वाटली. माणसाचा हात गेला आणि मी कुठल्या तारांचा विचार करतेय.

मी त्या सगळ्यांना घरी जायला सांगितलं. केतन दारात भेटला. चेहरा उतरलेला होता त्याचा, खोटं कशाला सांगू. "फार वाईट झालं, मॅडम. कंपनी सगळं बघतेय. पण क्लास बंद नका करू. मोराल डाऊन होतं."

रविवारी मी चिखलीला गेले. वर्कशॉपच्या गल्लीतून आत, लेथ मशीनच्या आवाजातून, एका तिमजली इमारतीत वरच्या मजल्यावर त्यांची खोली. रमाकांत भिंतीला टेकून बसलेला, हात उशीवर ठेवलेला. मधलं बोट आणि अनामिका, दोन्ही अर्ध्यातून गेलेली. पट्टी होती, पण पट्टीचा आकारच सगळं सांगत होता. खोलीत औषधाचा वास आणि त्यात मिसळलेला फोडणीचा. सुनंदा भाजी करत होती. बारीक चणीची, कमी बोलणारी बाई.

"कसं झालं?" मी विचारलं.

"दोन्ही हातांनी दोन बटणं दाबल्याबिगर प्रेस खाली येत नाय," रमाकांत म्हणाला. "म्हणजे हात मधी ऱ्हाऊच नाय म्हणून तशी सोय असती. पण टार्गेट निघंना. मग एक बटण दाबूनच ठेवलं व्हतं, चिकटपट्टी लावून. समद्या मशिनीवर तसंच. म्हणलं एका हातानं पत्रा सारायचा, एका हातानं दाबायचं. लवकर व्हतं."

"कुणी लावली पट्टी?"

त्याने उशीवरचा हात जरा जवळ ओढला. "ते आता इचारू नका, मॅडम. साहेब लोकांनी मला लिहून द्यायला लावलं, की माझंच ध्यान नव्हतं."

सुनंदाने चहाचा कप माझ्या हातात दिला.  चहा गोड होता, चांगला होता, तरी मी कप अर्धाच खाली ठेवला. चिकटपट्टी या शब्दाचाच एक चिकटपणा तोंडात बसला होता. इतक्या मोठ्या यंत्राची सगळी अक्कल हातभर चिकटपट्टीने झोपवता येते.

डिसेंबर सरत आला तेव्हा केतनचा फोन आला.

"मॅडम, एक आयडिया आहे. रमाकांतला स्टेजवर आणायचं. जी उरलीत त्या बोटांनी वाजवेल असं एखादं अगदी बेसिक गाणं. लोक उभे राहतील, मॅडम. खूप इन्स्पायरिंग होईल. आपण व्हिडिओ पण करतोय त्याच्यावर."

"त्याच्या टाक्यांची जागा अजून ओली आहे, केतन."

"फॅमिली डे जानेवारीच्या शेवटी आहे. तोपर्यंत भरेल ना?"

 मी म्हटलं, मी हे करणार नाही, आणि फोन ठेवून बेसिनपाशी जाऊन उभी राहिले. किळस ही शरीराला आधी कळते. अन्न नासलंय हे डोक्याच्या आधी नाक सांगतं. मला वाटतं माणसांच्या वागण्याचाही तसाच वास येत असणार. फक्त तो आल्यावर आपण सभ्यपणाने श्वास रोखून धरायला शिकतो.

दोन दिवसांनी रमाकांत आणि सुनंदा क्लासवर आले. त्याने हात रुमालाखाली झाकला होता.

"मॅडम, तुम्ही नाही म्हणलात म्हणं."

"हो."

"मला बसवून द्या ते."

"कशासाठी, रमाकांत? तुमच्या हाताचा तमाशा करणार आहेत ते."

"साहेब म्हणले, तू वाजीव, वरच्या लोकांच्या डोळ्यात भरशील, मग परमनंटचं बघू. तसं लिहून नाय दिलं. पण म्हणले." तो खाली बघत होता. "कंत्राटी माणसाला बोटं गेल्यावर कोण ठिवतंय, मॅडम? घरी पाठवतील गुमान."

मी सुनंदाकडे पाहिलं. ती म्हणेल, नको हो, असं मला वाटलं होतं.

"ताई," ती म्हणाली, "तुमाला ह्याची घाण वाटतीय ते बराबर हाय. आमालाबी वाटतीय. पण घाण वाटून आमचं भागत नाय."

 मी गिटार काढली.

गिटारच्या तारा नेहमीपेक्षा वेगळ्या लावून घेता येतात; अशा की एकही बोट न ठेवता सगळ्या तारा छेडल्या तरी एक कॉर्ड उमटतो. मग पहिलं बोट वर एका जागी आडवं टेकवलं की दुसरा, आणखी वर सरकवलं की तिसरा. चौथ्या कॉर्डला मी चाट दिली. तो नसला तरी कुणाला कळणार नव्हतं. तर्जनी उरली होती, तेवढी पुरत होती. कापलेली बोटं मध्येच गिटारच्या मानेला लागायची आणि तो दात दाबून डोळे मिटायचा. जखमेवरची नवी कातडी गुलाबी, चकचकीत, लहान बाळाच्या टाळूसारखी. तिच्याकडे बघवत नसे आणि न बघता शिकवता येत नसे. मधूनमधून तो मला विचारायचा, "मॅडम, तुमाला कसंतरी व्हत असंल तर मी रुमाल बांधू का?" मी नको म्हणायचे.

एकदा वाजवता वाजवता तो म्हणाला, "हे तर आधीच्यापरीस सोपं झालं की."

खरंच झालं होतं. त्याचाच मला सगळ्यांत जास्त उबग आला. माणसाची दोन बोटं वजा केली, एक कॉर्ड वजा केला, आणि त्या गाण्याचं काहीही बिघडलं नाही. ते तसंच गोल गोल फिरत राहिलं. ज्या गाण्यातून माणसाचा अर्धा हात काढून घेतला तरी त्याला पत्ता लागत नाही, त्या गाण्यात माणूस होताच कुठे?

फॅमिली डे कंपनीच्या मागच्या मैदानात होता. मंडप, लाल गालिचा, त्यावरून चालून चालून उठलेली माती. एका बाजूला जिलेबीची कढई, शेजारी बुढ्ढी के बालचं यंत्र, त्याच्यापलीकडे जनरेटर. तुपाचा, साखरेचा आणि डिझेलचा वास एकमेकांत कालवलेला. निवेदन करणारी मुलगी प्रत्येक वाक्यानंतर "जोरदार टाळ्या" म्हणत होती. मोठे साहेब म्हणाले, आपण कंपनी नाही, आपण कुटुंब आहोत. मी आणि सुनंदा पाचव्या-सहाव्या रांगेत बसलो होतो. तिने ठेवणीतली जांभळी साडी नेसली होती.

आधी व्हिडिओ लागला. मोठ्या पडद्यावर रमाकांत कंपनीच्या गेटमधून चालत येतो, अगदी सावकाश, मागे उदास बासरी. "एका दुर्दैवी प्रसंगानंतर", असं एक भरदार आवाज म्हणाला. प्रेस नाही, बटण नाही, चिकटपट्टी नाही. आकाशातून पडावा तसा प्रसंग. मग हाताचा क्लोज-अप. आमच्यासमोर दोन माणसांच्या उंचीची ती तोकडी बोटं.

मग तो स्वतः आला. नवा पांढरा शर्ट, बाही दुमडलेली. दुमडायला कुणी सांगितली असेल ते मला कळलं. तो स्टूलवर बसला, तारा छेडल्या, आणि गाऊ लागला. आवाज त्याचा चांगलाच होता. दुसऱ्या कडव्यानंतर तो थांबला, मी शिकवलं होतं तिथेच, आणि शेकडो मोबाइलचे दिवे लागले.

माझ्या दुसऱ्या बाजूची बाई रडत होती. रडता रडता जिलेबी खात होती. पाक बोटांवरून मनगटाकडे ओघळत होता, तो तिने चाटला, आणि डोळे पुसले, आणि पुन्हा खाल्लं. मी तिच्यावर रागावू शकत नाही. ती कुणाची तरी आई असेल, मनाने चांगली असेल. पण तो ओघळ मला अजून दिसतो.

"वन्स मोअर" झालं. त्याने पुन्हा वाजवलं. मग मोठे साहेब स्टेजवर चढले आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून लोकांना टाळ्या वाजवायला लावू लागले, म्हणून तिसऱ्यांदा. खांद्यावर थापटून दिलेला त्यांचा ठेका चुकत होता, त्यामुळे रमाकांतचाही चुकू लागला. लोकांना काही फरक पडला नाही.

सुनंदा पडद्याकडे बघत नव्हती. ती खाली, खऱ्या रमाकांतकडे बघत होती. "घामेजलेत बघा," ती हळूच म्हणाली. "एवढ्या थंडीत."

आणि गाण्याने काम केलं, हे सांगायलाच हवं. उन्हाळ्यात त्याला कायम केलं आणि स्टोअरमध्ये बसवलं. ते गाणं फसलं असतं तर माझ्या चिडीला नीट बसायला जागा तरी मिळाली असती. फसलं नाही. व्हिडिओ सगळीकडे फिरला. पालक मला रस्त्यात थांबवून विचारू लागले, "तो बोटं नसलेला तुमचाच विद्यार्थी ना? आमच्या आर्यनला तेच गाणं शिकवा." क्लासला गर्दी झाली. मी तेच गाणं शिकवत राहिले, पावसाळाभर, खिडक्या बंद करून, ओल्या सॉक्सच्या वासात.

यंदा नोव्हेंबरात केतनचा पुन्हा फोन आला. तो आता मोठ्या हुद्द्यावर गेलाय. आवाज तसाच गोड.

"मॅडम, यंदा पण तसंच करायचंय. रमाकांत तर आहेच. अजून एखादा असेल तर बघतोय. म्हणजे, ज्याची काही स्टोरी आहे असा."

"आणखी कुणाचं काही तुटलंय का, असं विचारताय का केतन?"

त्याने घसा खाकरला. मला वाटतं त्यालाही क्षणभर तो वास आला असावा. मग म्हणाला, "तसं नाही, मॅडम. तुम्ही फार निगेटिव्ह घेता." मी नाही म्हणून सांगितलं. त्याला दुसरा क्लास मिळाला असं नंतर कळलं. मिळणारच. चार कॉर्ड शिकवणारे आमच्या पिंपरीत कमी नाहीत.

आणि गेल्या रविवारी सकाळी रमाकांत आला. सुनंदा दळण टाकायला गेली होती, तो एकटाच जिना चढून वर आला, पाठीला गिटार. अंगाने थोडा भरलाय. दारात चपला काढता काढताच म्हणाला, "साहेबाला नाही म्हणून आलोय."

"फॅमिली डेला?"

"व्हय. म्हणलं, जमणार नाय. तोंडाकडं बघत बसले. पण परमनंट हाय आता मी. नाही म्हणता येतंय." हे सांगताना तो जरा ताठ झाला.

मी त्याला बसायला सांगितलं. भाच्याच्या लग्नाचं विचारलं. त्याने मान हलवली.

"गेलतो की. वाजवलं. तुमाला काय सांगू, मॅडम, पोरीकडचे लोक पोरं खांद्यावर घिऊन आले, हात बघायला. नवरा-नवरी बाजूला आणि समदे माझ्या हाताकडं बघायलेत. एक म्हातारी तर बोट धरून बघायली, खरं हाय का म्हणून. मग जिथं जाईल तिथं तेच. वास्तुशांतीला तेच, मंडळाच्या गणपतीत तेच. लोक म्हणतेत, रडवा आम्हाला." तो गिटारच्या पिशवीवरची धूळ उरलेल्या बोटांनी झटकत राहिला. "आता ते गाणं कुठं लागलं ना, रिक्षात, दुकानात, की मला शिसारी येती. पोटातनं. तुमाला आधीच येत व्हती ना?"

"हो."

"मला वाटायचं, मॅडमचं डोकंच तसंलं हाय." तो किंचित हसला. मग म्हणाला, "दुसरं काही शिकवा. लोकांना नाय आवडलं तरी चालंल. आवडूच नाय, असंच बघा."

एवढ्या वर्षांत माझ्याकडे हे मागायला कुणी आलं नव्हतं. मी त्याची गिटार मांडीवर घेतली. मग तारा पुन्हा मुळात असतात तशा लावून घेतल्या आणि त्याला एक सुरावट दाखवली. मी कधीतरी माझ्यासाठी केलेली, नाव नसलेली. तिच्यात ठेका नाही. एक सूर काढायचा आणि तो विझत जाईपर्यंत वाट पाहायची, विझायच्या अलीकडे दुसरा धरायचा. तर्जनी आणि करंगळी, दोनच बोटं लागतात, पण करंगळीला फार लांब जावं लागतं. अवघड आहे. मलाही रोज नीट येत नाही.

त्याला अजिबात येईना. सूर फाटायचा, तार खडखडायची, करंगळी थरथरून घसरायची. वाट पाहायची जागा तर त्याला सोसवेनाच, घाई करायचा. मी थांबवायचे, तो परत सुरू करायचा. ऊन खिडकीतून सरकत त्याच्या गुडघ्यापर्यंत आलं. ऐकायला ते इतकं वाईट होतं की सांगता येत नाही, आणि मला पहिल्यांदाच त्या खोलीत नीट श्वास घेता येत होता.

तेवढ्यात दारावर टकटक झाली. खालच्या मजल्यावर राहणाऱ्या शिंदेकाकू होत्या, हातात अर्धी निवडलेली मेथीची जुडी. त्या कधी तक्रार करत नाहीत, म्हणून मलाच ओशाळं वाटलं.

"अगं, काय चाललंय सकाळपासून? कुणी कण्हतंय की काय असं वाटलं मला." मग त्यांचं लक्ष रमाकांतच्या हाताकडे गेलं आणि चेहरा एकदम मऊ झाला. "अगंबाई, तुम्ही ते व्हिडिओतले ना? मी तीनदा पाहिला. तीनदा रडले. अहो, मग हे कसलं रडगाणं लावलंय? ते छान वाजवा की, दोस्तीचं. मी बसते ऐकायला."

त्या खरोखरच खुर्ची ओढून बसल्या. रमाकांतने माझ्याकडे पाहिलं नाही. त्याने तो हात गिटारच्या मानेवरून काढला, पँटला पुसला, परत होता तिथे ठेवला.

"नाय ओ काकू," तो अगदी नम्रपणे म्हणाला, "ते मला येत नाय."

आणि करंगळी ताणून त्याने पहिला सूर पुन्हा धरला.